नटाची तालीम आणि नटाची बोली

अभिनयकला शिकविता येते काय, हा प्रश्न मराठी रंगभूमीस नवा नाही. त्याची दोन उत्तरे आपल्याकडे परंपरेने दिली जातात. एका पक्षाच्या मते नट हा जन्मावाच लागतो. शिक्षणाने फार तर त्याचे उच्चार सुधारतील, त्याची प्रतिभा वाढणार नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते अभिनय हे एक शास्त्र असून, आवाज, देह आणि मन या तिहींची पद्धतशीर जोपासना केली म्हणजे सामान्य गुणाचा मनुष्यही रंगभूमीवर उभा राहू शकतो. ही दोन्ही मते अनुभवाने काही अंशी खरी ठरली आहेत, आणि म्हणूनच त्यांतील एकही पुरेसे नाही. नटाला शिकवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, त्याच्यात काही भरावयाचे की त्याच्यावरचे काही काढून टाकावयाचे, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाकडे दोन्ही पक्षांचे सारखेच दुर्लक्ष झालेले दिसते.

मराठीत या शिक्षणास जुना शब्द आहे ‘तालीम’. पहिलवानाचा आखाडा आणि नाटकाची पूर्वतयारी या दोहोंस आपण एकच शब्द योजतो, हे अर्थपूर्ण आहे. देवलांसारखा समर्थ नाटककार मंडळीत तालीममास्तराचेही काम करी. पोरवयात कंपनीत शिरलेला मुलगा गुरूच्या नजरेखाली वाढे, मोठ्या नटांच्या भूमिका विंगेतून पाही आणि वर्षानुवर्षांच्या सहवासाने कला उचली. मंडळ्या मोडल्या तेव्हा ही तालीमही मोडली. तिच्या जागी विद्यालये आली. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. १९६० साली पुण्यास प्रभातच्या आवारात चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था निघाली. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले. आता त्यापुढची पायरी आली आहे. रंगभूमी आणि चित्रपट या दोहोंसाठी नट तयार करण्याचे आश्वासन देणारी खासगी नाट्यशाळा महानगरांपुरती राहिलेली नाही. ती जिल्ह्याच्या आणि कारखान्याच्या गावीही येऊन पोहोचली आहे. काही महिन्यांचा अभ्यासक्रम, ठरलेले शुल्क, शुद्ध हिंदी उच्चारांचा सराव, कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचा पाठ आणि शेवटी ऑडिशनची तयारी, असे तिचे सर्वसाधारण रूप असते.

या रूपाचा विचार करण्यास छत्तीसगडमधील भिलाईइतके उद्बोधक गाव दुसरे क्वचितच सापडेल. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. त्यासंबंधीचा करार १९५५ साली झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. शेतांच्या आणि खेड्यांच्या मधोमध नियोजनबद्ध नगरी उभी राहिली. तेथे देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे आली, आणि त्या साऱ्यांची व्यवहाराची भाषा हिंदी झाली. पुढे हे गाव प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांसाठीही नावाजले. पण नगरीच्या वेशीबाहेर दुर्ग आणि राजनांदगावच्या खेड्यांतून छत्तीसगडी बोलीचा ‘नाचा’ रात्र-रात्र चालतच होता. त्यातील विनोदी प्रवेशांना ‘गम्मत’ म्हणतात. पूर्व विदर्भातील खडी गंमत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा शब्द आणि ही रीत परकी वाटणार नाही. जोक्कड हा विदूषक आणि स्त्रीवेषातील ‘परी’ ही नाच्यातील दोन मुख्य पात्रे. तमाशातील सोंगाड्या आणि नाच्या यांची ती सख्खी भावंडेच. हा सारा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नाच्याच्या या नटांना घेऊन हबीब तन्वीर यांनी जे कार्य केले, ते नाट्यशिक्षणाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आहे. त्यांच्याविषयी दिग्दर्शक म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षक म्हणून त्यांचा विचार फार थोडा झाला आहे. तन्वीर यांचा जन्म १९२३ साली रायपूर येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९४५ साली ते मुंबईस आले आणि इप्टाच्या चळवळीत वाढले. १९५४ साली दिल्लीत त्यांनी ‘आग्रा बाजार’ बसविले. त्यात जामिया मिलियाच्या विद्यार्थ्यांबरोबर जवळच्या ओखला गावातील सामान्य माणसेही रंगमंचावर उभी केली. १९५५ साली ते इंग्लंडला गेले, लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि नंतर ब्रिस्टल येथे शिकले, आणि तेथून बर्लिनला जाऊन ब्रेख्तच्या नाट्यसंस्थेचे प्रयोग त्यांनी पाहिले. ब्रेख्त त्याच सुमारास, १९५६ साली, निवर्तला होता.

युरोपातील उत्तमोत्तम नाट्यशाळांत शिकून आलेला हा मनुष्य परतल्यावर रायपूरला जातो आणि नाच्याच्या सहा नटांना दिल्लीस घेऊन येतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून केलेल्या ‘मिट्टी की गाडी’ या नाटकात, १९५८ साली, त्यांना तो उभे करतो. याच ‘मृच्छकटिका’ला देवलांनी मराठी संगीत नाटकाचे रूप दिले होते, ही गोष्ट मराठी वाचकास आठवल्यावाचून राहणार नाही. १९५९ साली तन्वीर यांनी मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ ही संस्था काढली. त्याच वर्षी भिलाईत पहिली भट्टी पेटली आणि दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले. काळाने या तीन गोष्टी एकत्र आणल्या एवढेच. पण स्वतंत्र भारताने पोलाद, नट आणि लोककला यांच्याविषयी बाळगलेल्या तीन आकांक्षा त्या एका वर्षात दृश्य झाल्या, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

तथापि पुढील दहा-बारा वर्षे तन्वीर यांचा प्रयोग अपेक्षेप्रमाणे फळास आला नाही, आणि त्या अपयशातच त्यांच्या शिक्षकत्वाचे मर्म दडलेले आहे. नाच्याच्या मैदानात जे नट वाघासारखे वावरत, तेच दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जात. ठाकूरराम किंवा मदनलाल यांच्यासारख्या नटांचे सामर्थ्य तन्वीर यांनी गावात पाहिले होते, आणि तेच सामर्थ्य नाटकात अर्ध्याने कमी का होते हे त्यांना उमगत नव्हते. कारणे दोन होती, आणि दोन्ही शिक्षकाकडची होती. नटांना हिंदी बोलावयास लावले जात होते. ती त्यांची मायबोली नव्हती. आणि कोणत्या वाक्यावर कोठून कोठे जावयाचे, याचा आराखडा युरोपीय पद्धतीने आधीच आखून दिला जात होता. लेखनवाचनाची सवय नसलेल्या नटाच्या लेखी ही पावले मोजण्याची विद्या म्हणजे पायांत घातलेली बेडी होती. त्याचे सारे लक्ष आठवण्यात खर्च होई. अभिनयास शिल्लक राहत नसे. तन्वीर यांनी पुढे ही चूक स्वतः मोकळेपणाने सांगितली आहे. १९७० च्या सुमारास त्यांनी दोन्ही गोष्टी टाकून दिल्या. नटांनी आपल्या छत्तीसगडीत बोलावे, प्रसंग ऐन वेळी स्फुरेल तसा उभा करावा, आणि दिग्दर्शकाने तो पाहून त्यातून निवड करावी, असा नवा क्रम त्यांनी स्वीकारला.

ही घटना वरवर पाहता शिक्षकाची माघार वाटेल. वस्तुतः ती शिक्षणाची सुरुवात होती. १९७३ साली रायपूर येथे नाच्याच्या कलावंतांची कार्यशाळा झाली, आणि तीन जुन्या गम्मती एकत्र गुंफून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक तयार झाले. रात्रभर सैलपणे चालणाऱ्या खेळातून दोन-अडीच तासांचे बांधीव नाटक काढावयाचे म्हणजे निवड, छाटणी आणि जोडणी आलीच. तन्वीर यांनी नटांना पूर्ण मोकळीक दिली, हा समज त्यामुळे भाबडा ठरतो. त्यांनी शिस्त काढली नाही. शिस्तीची जागा बदलली. पूर्वी ती नटाच्या तोंडावर आणि पायावर होती, आता ती रचनेवर आली. नटाचा श्वास नटाकडे राहिला आणि नाटकाचा ताल दिग्दर्शकाकडे आला. उत्तम तालमीचे रहस्य या वाटणीत असते.

यापुढचा पाठ भिलाईत झाला. १९७४ साली तेथे भरलेल्या कार्यशाळेत विजयदान देथा यांच्याकडून ऐकलेल्या एका राजस्थानी लोककथेवर काम चालू होते. एक चोर थट्टेथट्टेत गुरूसमोर चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राजा होणार नाही, राणीशी लग्न करणार नाही. चोरी सोडणे त्याला शक्य नसते. म्हणून पाचवी शपथ तो खोटे न बोलण्याची घेतो. पुढे याच शपथांपायी त्याचे प्राण जातात. या कथेचा ‘चोर चोर’ नावाचा, तासाभराच्या आतला कच्चा खेळ भिलाईच्या मोकळ्या मैदानात सतनामी समाजाच्या मोठ्या मेळाव्यापुढे झाला. सतनामी पंथाच्या दृष्टीने सत्य हेच ईश्वराचे रूप. गुरू घासीदासांच्या उपदेशाने उभा राहिलेला हा समाज जातिव्यवस्थेने शतकानुशतके दडपलेला होता. आणि खोटे न बोलणाऱ्या चोराची गोष्ट त्याच्यापुढे चालली होती. सत्यासाठी मरणारा चोर त्या प्रेक्षकांना हास्यविषय राहिला नाही, तो त्यांच्यातला झाला. १९७५ साली ‘चरणदास चोर’ या नावाने नाटक पूर्ण झाले, तेव्हा सतनाम्यांची पंथी गीते आणि पंथी नृत्य त्याच्या अंगाचा भाग बनली होती.

नाट्यशिक्षणाच्या दृष्टीने या प्रसंगाचा अर्थ मोठा आहे. बंद खोलीतील तालमीत नट आणि शिक्षक असे दोघेच असतात. तिसरा, म्हणजे प्रेक्षक, कल्पिलेला असतो. भिलाईच्या मैदानात तो तिसरा प्रत्यक्ष आला, आणि कथेत काय आहे हे त्याने दोघांनाही दाखविले. १९८२ साली एडिंबरा येथील महोत्सवात या नाटकास ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. त्या परक्या भूमीवर ज्या गुणाचे कौतुक झाले, तो गुण भिलाईच्या प्रेक्षकांनी आठ वर्षांपूर्वीच पारखला होता. पुढील इतिहास मात्र विषादाचा आहे. तन्वीर यांचे निधन ८ जून २००९ रोजी झाले, आणि त्याच वर्षी सतनामी समाजातील काहींच्या आक्षेपावरून छत्तीसगड शासनाने या नाटकाच्या पुस्तकास मज्जाव केला. ज्या समाजाने नाटकाला अर्थ दिला त्याच्याच नावाने ते बाजूस सारले जावे, हा योग नाटकातील राणीच्या न्यायाहून फारसा वेगळा नाही.

तन्वीर यांच्या या रीतीविरुद्ध तीन आक्षेप घेता येतात, आणि ते टाळून पुढे जाणे टीकेच्या धर्मास सोडून होईल. पहिला आक्षेप असा की, हे नट आधीच तयार होते. तन्वीर यांनी त्यांना घडविले नाही, केवळ वापरले. यात तथ्य आहे. दाऊ मंदराजी यांच्यासारख्या जाणत्याने नाच्याची मंडळी बांधली होती. मदनलाल, ठाकूरराम, लालूराम, भुलवाराम, गोविंदराम निर्मलकर हे त्या परंपरेतले कसलेले कलावंत होते. पण तयार नटालाही नवे काही शिकता येते, हे ‘चरणदास चोरा’ने सिद्ध केले. नाच्याच्या गम्मतीत हसविणे हा धर्म. येथे हसवीत हसवीत नायकाच्या मृत्यूपर्यंत जावयाचे होते. नाच्यात स्त्रीभूमिका पुरुष करीत; येथे राणीच्या भूमिकेत फिदाबाई उभ्या राहिल्या. ही भर लहान नव्हे.

दुसरा आक्षेप श्रेयाचा आहे. नाटकाच्या जाहिरातीवर एक नाव मोठे राहिले, आणि ज्यांच्या स्फुरणातून प्रवेश निर्माण झाले त्यांची नावे अभ्यासकांपुरती उरली. गोविंदराम निर्मलकर यांना २००९ साली पद्मश्री मिळाली, ती आयुष्याच्या उतारावर. आणखी एक प्रश्न यास जोडूनच येतो. या शाळेने नट घडविले. शिक्षक किती घडविले? तालीममास्तर हा नटांतूनच निपजावा लागतो, अशी आपल्या मंडळ्यांची रीत होती. नया थिएटरमध्ये अंतिम निवडीचा अधिकार अखेरपर्यंत एका व्यक्तीच्या हाती राहिला. हा आक्षेप तन्वीर यांच्या थोरवीस बाध आणीत नाही. पण त्यांच्या पद्धतीची मर्यादा तो दाखवितो, आणि तो मान्य केला पाहिजे.

तिसरा आक्षेप आजच्या खासगी नाट्यशाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मैदानावरचा हा अभिनय चित्रपटास उपयोगी पडणार नाही; कॅमेऱ्याला संयम लागतो, आणि नाच्याचा नट आरडाओरडीवर वाढलेला असतो, असे म्हटले जाते. याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा पडद्यावरच पाहावे. श्याम बेनेगल यांनी १९७५ साली ‘चरणदास चोर’ मुलांसाठीच्या चित्रपटात आणले. त्यात चोराची भूमिका लालूराम यांनी केली आणि राजकन्येची स्मिता पाटील यांनी. पण याहून निर्णायक पुरावा ‘पीपली लाइव्ह’ या २०१० सालच्या अनुषा रिझवी यांच्या चित्रपटाचा आहे. कर्जापायी आत्महत्या करण्यास निघालेल्या नत्था या शेतकऱ्याची भूमिका त्यात भिलाईच्या ओंकारदास माणिकपुरी यांनी केली. नाचा आणि नंतर नया थिएटर, ही त्यांची तालीम. त्यांच्या शेजारी, भावाच्या भूमिकेत, रघुवीर यादव आहेत. ते पारशी पद्धतीच्या फिरत्या नाटक कंपनीत वाढले आणि मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले. स्थानिक वार्ताहर झालेले नवाजुद्दीन सिद्दिकी हेही त्याच विद्यालयाचे. तीन निरनिराळ्या तालमी एकाच चौकटीत उभ्या आहेत, आणि त्यांत कोणतीही उणी पडत नाही.

माणिकपुरी यांच्या अभिनयातील विशेष असा की, सर्वांत गजबजलेल्या चित्रपटातील सर्वांत अबोल पात्र त्यांच्या वाट्यास आले आहे. भोवती वार्ताहरांची आणि पुढाऱ्यांची जत्रा भरलेली असताना नत्था बहुधा गप्प असतो. आपल्याविषयी चाललेली चर्चा तो दुसऱ्याच कोणाविषयी चालली असावी तशी ऐकतो. अखेरीस शहरातील बांधकामावर धुळीने माखून तो बसलेला दिसतो, आणि त्या चेहऱ्यावर काहीही ‘केलेले’ नसते. हजारोंच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावयास शिकलेला नट इतका स्तब्ध कसा राहू शकतो? उत्तर असे दिसते की, मैदानाने त्याला मोठ्याने बोलावयास शिकविले नव्हते. समोरच्याचे ऐकावयास शिकविले होते. प्रसंग ऐन वेळी उभा करणाऱ्या नटाला पुढचे वाक्य पाठ नसते. ते सहनटाच्या मुखातून येणार असते, म्हणून त्याला कान देणे भाग पडते. ऐकणाऱ्या नटावर कॅमेरा खिळतो. रंगभूमी आणि चित्रपट यांच्या अभिनयात जो खरा समान दुवा आहे तो हा. आणि आवाज कमी-अधिक करण्याच्या पाठांनी तो सापडत नाही.

स्तानिस्लाव्हस्कीच्या विचाराशी हे निरीक्षण विसंगत नाही. त्याचा ग्रंथ के. नारायण काळे यांनी ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणला. काळे स्वतः नाट्यमन्वंतरात आणि प्रभातमध्ये, म्हणजे रंगभूमी आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत वावरलेले. ‘साधना’ हा त्यांनी योजलेला शब्द विचारपूर्वक निवडलेला आहे. साधनेत गुरू मार्ग दाखवितो, चालावयाचे साधकाने; आणि चालावयाचे ते स्वतःच्याच पायांनी. सत्यदेव दुबे हे याच छत्तीसगडातील बिलासपूरचे. मुंबईत येऊन त्यांनी हिंदी आणि मराठी रंगभूमीवर नटांच्या अनेक पिढ्या घडविल्या, आणि शब्दोच्चाराविषयीचा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. दुबे वाणीवर भर देत आणि तन्वीर बोलीवर. पण शब्द नटाच्या पोटातून यावा, ओठांवरून नव्हे, हे दोघांनाही सारखेच अभिप्रेत होते.

आता भिलाईच्या तरुणाकडे वळावे. त्याच्या गावाच्या परिसरात तीजनबाई आहेत. गनियारी गावच्या, भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या, आणि पंडवानीच्या बळावर २०१९ साली पद्मविभूषण झालेल्या. एका तंबुऱ्याची कधी गदा, कधी रथ करीत त्यांनी सारे महाभारत उभे केले, आणि ‘भारत एक खोज’ या मालिकेतून ते पडद्यावरही आले. त्या कोणत्याही नाट्यशाळेत गेल्या नाहीत. छत्तीसगडी चित्रपट १९६५ साली ‘कहि देबे संदेस’ने जन्मला, आणि राज्य स्थापन झाले त्या २००० साली ‘मोर छइंहा भुइंया’ने त्याला व्यवसायाचे बळ आले, म्हणजे त्या बोलीत काम नाही, असेही म्हणता येत नाही. असे असता या तरुणाने शुल्क भरून प्रथम काय शिकावे? आपल्या बोलीचा हेल काढून टाकावयास. प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीवर्गाचा नमुनाच येथे अभिनयास लागू होतो: ठरावीक प्रश्न, ठरावीक उत्तरे, आणि निवडीची आशा. गणिताच्या परीक्षेत दोघांचे उत्तर एकच यावे लागते. नटाच्या परीक्षेत दोघांचे उत्तर एकच आले तर दोघेही नापास व्हावयास हवेत.

याचा अर्थ नाट्यशाळा नकोत, असा नव्हे. खेड्यातील रात्रभराचे नाचे विरळ होत गेले, मंडळ्या तर केव्हाच गेल्या. आजच्या तरुणाला सहवासाने शिकण्याची जागा उरलेली नाही. ती जागा शाळेनेच भरून काढावयाची आहे. प्रमाण हिंदी आणि कॅमेऱ्याचे तंत्र हेही नटाला आलेच पाहिजे. एकच बोली येणारा नट एकाच गावचा राहील. प्रश्न क्रमाचा आहे. बोलीवर उभे राहून प्रमाणभाषा शिकणे ही वाढ होय. बोली पुसून ती शिकणे ही कापणी होय. तन्वीर यांना हा क्रम समजण्यास बारा वर्षे लागली, आणि त्यांच्यापाशी लंडन, ब्रिस्टल आणि बर्लिन यांची शिदोरी होती. काही महिन्यांच्या अभ्यासक्रमाने तो आपोआप समजेल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. तो समजून घेऊन अभ्यासक्रम आखणे एवढे मात्र शाळेच्या हाती आहे.

तेव्हा कोणत्याही नाट्यशाळेची परीक्षा तिच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण पडद्यावर दिसले, या संख्येने करू नये. ती संख्या नशिबावर आणि बाजारावर अवलंबून असते. परीक्षा साध्या गोष्टीने करावी. शाळेतून बाहेर पडलेला नट आपल्या आईशी ज्या बोलीत बोलतो त्या बोलीत रंगमंचावर रागावू शकतो काय, आणि समोरचा बोलत असताना गप्प बसू शकतो काय? या दोन प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळाले, तर ती शाळा भाड्याच्या दोन खोल्यांत भरत असली तरी तालमीच्या परंपरेत बसते. उत्तर नकारार्थी आले, तर तिच्या भिंतींवर कितीही छायाचित्रे लावलेली असोत, तिने विद्यार्थ्याला जे दिले त्याहून अधिक त्याच्यापासून घेतले, असेच म्हणावे लागेल.